पोलीस अधिकाऱ्याचा सेवाप्रवास : उपविभागापासून महासंचालकपदापर्यंत

गावात घरफोडी झाली, शेताच्या बांधावरून डोकी फुटली किंवा हमरस्त्यावर अपघात होऊन जमाव जमला म्हणजे प्रथम येतो तो ठाण्यातील हवालदार किंवा उपनिरीक्षक. प्रकरण गंभीर असेल तर मागाहून आणखी एक गाडी येते आणि ‘मोठे साहेब आले’ अशी कुजबुज सुरू होते. हे मोठे साहेब म्हणजे उपअधीक्षक की अधीक्षक, त्यांचा अधिकार कोठवर चालतो, ते या पदावर कोणत्या वाटेने आले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. परिणाम असा होतो की, ज्याची तक्रार ठाण्यावर नोंदवून घेतली जात नाही तो मनुष्य एक तर खाली मान घालून घरी परततो, नाहीतर थेट मंत्र्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. या दोन टोकांच्या मध्ये कायद्याने बांधलेली एक शिडी आहे. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची सारी सेवा या शिडीवरून वर चढण्यात जाते. तिच्या कोणत्या पायरीवर आपले गाऱ्हाणे घेऊन जावे हे नागरिकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अधिकाऱ्याचा हुद्दा त्याच्या खांद्यावर लिहिलेला असतो. दोन तारे व त्यांखाली लाल-निळी फीत असेल तर ते उपनिरीक्षक, तीन तारे व तीच फीत असेल तर निरीक्षक. तीन ताऱ्यांखाली फीत नसेल तर ते उपअधीक्षक किंवा सहायक अधीक्षक समजावे. राजमुद्रा व तिच्या जोडीला एक तारा ही अधीक्षकाची खूण होय. राजमुद्रेबरोबर तीन तारे असल्यास उपमहानिरीक्षक. तलवार व दंडुका यांची फुली आणि एक तारा ही महानिरीक्षकाची खूण, आणि ताऱ्याच्या जागी राजमुद्रा असेल तर अतिरिक्त महासंचालक किंवा महासंचालक. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याच्या खांद्यावर याखेरीज त्या सेवेची आद्याक्षरे असतात. शाळेतील मुलांना ही ओळख करून देणे अवघड नाही, आणि मुले ती वडीलधाऱ्यांहून लवकर आत्मसात करतात.

प्रवेशाची दोन द्वारे

वरिष्ठ पदांकडे जाणारी पहिली वाट म्हणजे संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. भारतीय पोलीस सेवा ही राज्यघटनेच्या ३१२ व्या अनुच्छेदाखालील अखिल भारतीय सेवा होय. म्हणजे भरती व नेमणूक केंद्र सरकार करते, आणि काम मात्र बहुतांशी राज्यात होते. कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाचा पदवीधर परीक्षेस बसू शकतो. वयोमर्यादा सर्वसाधारण गटास २१ ते ३२ वर्षे आहे व सहा वेळा संधी मिळते. इतर मागासवर्गीय, अनुसूचित जाती व जमाती यांना वयात आणि संधींत सवलत आहे. पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ व स्त्री उमेदवाराची १५० सेंटिमीटर असावी लागते. अनुसूचित जमाती व आणखी काही गटांसाठी ही अट पाच सेंटिमीटरने शिथिल आहे.

ही परीक्षा इंग्रजीवर प्रभुत्व असणाऱ्यांसाठीच आहे असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो अर्धाच खरा आहे. मुख्य परीक्षेत इंग्रजीची एक प्रश्नपत्रिका असते, परंतु तीत केवळ उत्तीर्ण व्हावयाचे असते; तिचे गुण क्रमवारीत धरले जात नाहीत. निबंध, सामान्य अध्ययन व वैकल्पिक विषय यांची उत्तरे आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत लिहिता येतात आणि मुलाखतही त्या भाषेत देता येते. मराठी तीत प्रथमपासूनच आहे व १९९२ च्या घटनादुरुस्तीने कोकणीचाही समावेश झाला. मराठी वा कोकणी साहित्य हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. अडचण आहे ती निराळीच. पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका फक्त हिंदी व इंग्रजीत निघतात, आणि देशी भाषांतील अभ्यासग्रंथ थोडे आहेत. खेड्यातील हुशार मुलगा वा मुलगी अडखळते ती येथे. शाळेच्या व गावाच्या वाचनालयाने या बाबतीत पुष्कळ करण्यासारखे आहे.

दुसरी वाट राज्याच्या पोलीस दलातून वर जाते. गोव्यात उपनिरीक्षक म्हणून लागलेला कर्मचारी निरीक्षक होतो, पुढे बढतीने गोवा पोलीस सेवेत उपअधीक्षक होतो. राज्य सेवेत उपअधीक्षकाच्या दर्जाची किमान आठ वर्षे सेवा झालेल्या अधिकाऱ्यांतून संघ लोकसेवा आयोगाच्या निवड समितीमार्फत काहींची भारतीय पोलीस सेवेत नियुक्ती होते. वरिष्ठ पदांतील सुमारे एक तृतीयांश हिस्सा या वाटेने भरण्याची नियमांत तरतूद आहे. ही वाट लांब आहे. तिने येणारा अधिकारी बहुधा पन्नाशीच्या आसपास तेथे पोहोचतो आणि सर्वोच्च पदे गाठण्याइतकी वर्षे त्याच्या हाती उरत नाहीत. परंतु ठाण्यातील खतावणीपासून वाड्यावरच्या वैरापर्यंत जे ज्ञान त्याच्यापाशी असते ते परीक्षेतून आलेल्या तरुण अधिकाऱ्याला त्याच्याकडूनच शिकावे लागते.

प्रशिक्षण

निवड झालेला उमेदवार प्रथम मसुरीच्या राष्ट्रीय प्रशासन अकादमीत इतर सेवांच्या उमेदवारांबरोबर पायाभूत पाठ्यक्रम पुरा करतो आणि मग हैदराबादला जातो. तेथील सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी १९४८ साली माउंट अबू येथे सुरू झाली व १९७५ साली हैदराबादला आली. कवायत, घोडेस्वारी, पोहणे, नेमबाजी यांबरोबरच दंडविधान, पुराव्याचा कायदा, न्यायवैद्यक व गुन्ह्याचा तपास हे विषय तेथे शिकवले जातात. नंतर सुमारे सहा महिने जिल्ह्यात प्रत्यक्ष काम करावयाचे असते. याच काळात परिविक्षाधीन अधिकाऱ्याकडे काही आठवडे एखाद्या ठाण्याचा स्वतंत्र कार्यभार सोपवला जातो. फिर्याद लिहून घेणे, पंचनामा करणे, रात्रीची गस्त तपासणे, मृतदेह शवविच्छेदनास पाठवणे, न्यायालयात कोठडीची मागणी करणे, हे सारे त्याला स्वतः करावे लागते. पुढे तीस वर्षे ज्या कामावर त्याला देखरेख करावयाची असते ते काम स्वतःच्या हाताने करण्याची संधी जवळजवळ एवढीच, म्हणून हा काळ तोकडा आहे अशी जाणत्यांची तक्रार असते. ती रास्त वाटते.

उपविभाग आणि जिल्हा

प्रशिक्षण संपल्यावर पहिली नेमणूक सहायक अधीक्षक म्हणून उपविभागावर होते. म्हापसा, डिचोली, मडगाव किंवा वास्को येथील उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली काही ठाणी असतात. त्या खुर्चीवर परीक्षेतून आलेला सहायक अधीक्षक असो वा बढतीने आलेला उपअधीक्षक असो, कायद्याच्या दृष्टीने दर्जा एकच. काही गुन्ह्यांचा तपास या दर्जाच्या खालील अधिकाऱ्याने करूच नये असे कायद्याचे बंधन आहे. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचाराच्या प्रकरणात १९९५ च्या नियमांनुसार तपास उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. भारतीय नागरी सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिने आणखी एक जबाबदारी या पदावर टाकली आहे. तीन वर्षे वा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्याची खबर आली असता, गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करावयाची झाल्यास ठाणे प्रमुखाला उपअधीक्षकाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि ती चौकशी चौदा दिवसांत संपवावी लागते. ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर महिनोन्महिने ऐकणाऱ्या फिर्यादीने ही मुदत ध्यानात ठेवावी.

चार वर्षांच्या सेवेनंतर अधिकारी वरिष्ठ वेतनश्रेणीत जातो व लवकरच अधीक्षक होतो. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या सेवेतील सर्वांत महत्त्वाचे पद कोणते असे विचारल्यास बहुतेक निवृत्त अधिकारी महासंचालकपदाचे नाव न घेता जिल्हा अधीक्षकाचे घेतील. कारण उघड आहे. जिल्ह्यातील प्रत्येक ठाणे त्याच्या नजरेखाली असते, मनुष्यबळ त्याच्या हाती असते, आणि तरीही तो सामान्य माणसाच्या आटोक्यात असतो. पर्वरी वा मडगाव येथील अधीक्षकाच्या कार्यालयात खेड्यातील मनुष्य सकाळी बसने निघून दुपारी पोहोचू शकतो. यापुढच्या प्रत्येक बढतीबरोबर अधिकाऱ्याचा अधिकार वाढतो आणि माणसांशी येणारा प्रत्यक्ष संबंध कमी होतो.

कायद्यानेही हे ओळखले आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर घेण्यास ठाण्याने नकार दिला तर त्या खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकाकडे पाठवता येतो. संहितेच्या १७३ व्या कलमाचे चौथे पोटकलम याविषयी आहे. जुन्या संहितेत हीच तरतूद १५४ व्या कलमात होती. मजकुरावरून गुन्हा घडल्याचे दिसत असेल तर अधीक्षकाने स्वतः तपास करावा किंवा हाताखालील अधिकाऱ्यास तपासाचा आदेश द्यावा असे बंधन आहे. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवावे, त्याची प्रत व पोच जपून ठेवावी, आणि घटना कोणत्या दिवशी, कोठे, कोणासमक्ष घडली हे आरंभीच लिहावे. चार पाने विशेषणांनी भरलेल्या अर्जापेक्षा अशा एका पानाचा उपयोग अधिक होतो. गावातील शिक्षकांना असे अर्ज लिहून देण्याचे प्रसंग वारंवार येतात, म्हणून हे विस्ताराने सांगितले. गुन्हा कोणत्याही ठाण्यात, मग तो त्याच्या हद्दीत घडलेला असो वा नसो, नोंदवता येतो. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. आणि तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला वा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

येथे गोव्यातील नागरिकांनी एक भेद लक्षात घ्यावा. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त असतो व त्याला दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार असतात. गोव्यात आयुक्तालयाची पद्धत नाही. जमावबंदीचा आदेश येथे काढतात ते जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी; त्याची अंमलबजावणी करतात ते पोलीस. आदेशाविषयी काही म्हणणे असल्यास अधीक्षकाशी वाद घालून उपयोग नसतो.

गोव्याचा संवर्ग

महाराष्ट्रात वा कर्नाटकात नेमलेला अधिकारी साधारणतः सारी सेवा त्याच राज्यात, आणि मधली काही वर्षे केंद्रात, घालवतो. गोव्याचे तसे नाही. गोव्याला भारतीय पोलीस सेवेचा स्वतंत्र संवर्ग नाही. अरुणाचल प्रदेश, गोवा, मिझोराम व केंद्रशासित प्रदेश यांचा मिळून एक संयुक्त संवर्ग असून त्याचे नियंत्रण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. दिल्ली, पुदुचेरी, चंदीगड, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप हे सारे याच संवर्गात मोडतात आणि २०२१ साली जम्मू-काश्मीरचा संवर्गही त्यात विलीन करण्यात आला. आज पणजीत असलेला अधीक्षक दोन वर्षांनी इटानगरला वा पोर्ट ब्लेअरला असू शकतो. राज्याच्या पोलीस दलाच्या प्रमुखाची नेमणूकही याच मंत्रालयाच्या आदेशाने होते.

किरण बेदी यांची सेवा याचे चांगले उदाहरण ठरेल. १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. दिल्लीत उपविभाग, जिल्हा व वाहतूक शाखा सांभाळल्यावर १९८३ साली त्या गोव्यात वाहतूक अधीक्षक म्हणून आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची बैठक गोव्यात झाली. पुढे मिझोरामात उपमहानिरीक्षक, १९९३ साली दिल्लीत तिहार कारागृहाच्या महानिरीक्षक, १९९४ साली मॅगसेसे पुरस्कार, २००३ साली संयुक्त राष्ट्रसंघात पोलीस सल्लागार, आणि २००७ साली स्वेच्छानिवृत्ती. वाहतूक, डोंगराळ सीमाप्रदेश, कारागृह, परदेश एवढी विविधता एका सेवेत आली ती काही अंशी या संवर्गामुळेच.

या व्यवस्थेचा लाभ असा की, बाहेरून आलेला अधिकारी स्थानिक हितसंबंधांपासून अलिप्त असतो. तोटाही तितकाच खरा आहे. भाषा समजू लागते, खाणपट्ट्यातील ट्रकवाल्यांचे व किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांचे प्रश्न कळू लागतात, तोच बदलीचा आदेश येतो. सातत्य टिकते ते गोवा पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांमुळे आणि वाळपईच्या प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडलेल्या शिपायांमुळे.

वरची पदे

किमान १४ वर्षांच्या सेवेनंतर उपमहानिरीक्षक, १८ वर्षांनंतर महानिरीक्षक, २५ वर्षांनंतर अतिरिक्त महासंचालक आणि ३० वर्षांनंतर महासंचालक असा ढोबळ क्रम आहे. वर्षे भरली म्हणजे बढती मिळालीच असे नाही. पद रिकामे असावे लागते, गोपनीय अहवाल चांगले असावे लागतात आणि सेवेच्या मधल्या टप्प्यांवरील प्रशिक्षण पुरे करावे लागते. या काळात अनेकजण प्रतिनियुक्तीवर केंद्रीय अन्वेषण विभाग, गुप्तवार्ता विभाग, सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलात जातात. मूळच्या गोमंतकीय घराण्यातील, १९२९ साली मुंबईत जन्मलेले ज्यूलियो रिबेरो १९५३ साली महाराष्ट्रात सेवेत आले, १९८२ साली मुंबईचे आयुक्त झाले. त्यानंतरच्या चारपाच वर्षांत केंद्रीय राखीव पोलीस दल, गुजरात आणि पंजाब अशा तीन ठिकाणी त्यांना प्रमुखपदी पाठवण्यात आले. १९८६ साली पंजाबात असताना त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. १९८९ साली ते रुमानियात राजदूत म्हणून गेले.

वारंवार होणाऱ्या बदल्या हे या सेवेचे जुने दुखणे आहे. उत्तर प्रदेश व आसामचे पोलीस प्रमुख राहिलेले प्रकाश सिंह यांनी निवृत्तीनंतर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने राज्यांना काही आदेश दिले. पोलीस प्रमुखाप्रमाणेच जिल्हा अधीक्षक व ठाणे प्रमुख यांनाही किमान दोन वर्षे एका जागी ठेवावे, उपअधीक्षक व त्याखालील अधिकाऱ्यांच्या बदल्या पोलीस आस्थापना मंडळाने कराव्यात, आणि पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, हे त्यांतील मुख्य. गोव्यातही राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन झाले आहे. दोन वर्षांचा नियम मात्र देशात सर्वत्र सारख्या निष्ठेने पाळला जातो असे म्हणता येत नाही.

साठाव्या वर्षी निवृत्ती येते आणि गणवेश उतरतो. त्यानंतर अधिकाऱ्याच्या हाती उरतो तो केवळ अनुभव. तो कसा कामी येऊ शकतो हे खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी यांच्या चरित्रावरून दिसते. नागपूरजवळच्या कामठी येथे १९१६ साली त्यांचा जन्म झाला. १९३८ साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडात पोलीस सेवेत आले. स्वातंत्र्यानंतर सहा वर्षे पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांनी सांभाळली. १९५८ साली ते मध्य प्रदेशचे महानिरीक्षक झाले. त्या काळी राज्याच्या पोलीस दलाचे हेच सर्वोच्च पद होते. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना भागातील डाकूंच्या टोळ्यांचा बंदोबस्त हे त्यांच्यापुढील मुख्य काम. १९६५ साली सीमा सुरक्षा दल उभारण्यात आले तेव्हा त्याचे पहिले प्रमुख म्हणून त्यांचीच निवड झाली आणि १९७४ पर्यंत ते तेथे होते.

निवृत्तीनंतर १९७७ साली ते राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य झाले. आयोगाच्या कामासाठी बिहारातील तुरुंग पाहताना त्यांना खटल्याविना वर्षानुवर्षे डांबून ठेवलेले कैदी आढळले. त्याविषयी त्यांनी १९७९ च्या जानेवारीत वृत्तपत्रात लेख लिहिले. ते वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी या वकील महिलेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. हुसैनारा खातून खटला या नावाने ती प्रसिद्ध आहे. जलद न्यायचौकशी हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असा निर्णय न्यायालयाने दिला आणि हजारो कच्चे कैदी सुटले. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ त्यांतील कित्येकांनी आधीच तुरुंगात काढला होता.